वरच्या चौकोनातली आडवी रेघ

कुठल्याही मोठ्या कार्यालयाच्या संगणक प्रणालीत एक पडदा फक्त प्रशासकासाठी राखलेला असतो. कोणाला काय पाहता येईल आणि कोणाला काय बदलता येईल, हे तिथे ठरते. डावीकडे मॉड्यूलांची उतरंड आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. ‘अहवाल’ या नावावर टिक केली की त्याखालच्या ‘मासिक’, ‘वार्षिक’, ‘लेखापरीक्षण’ या सगळ्यांवर आपोआप टिक उमटते. त्यातली एक काढली की ‘अहवाल’पुढची टिक जाते आणि तिच्या जागी एक लहानशी आडवी रेघ येते.

ही रेघ वापरणाऱ्याला स्वतःहून उमटवता येत नाही. एचटीएमएलमध्ये ती लिहूनही ठेवता येत नाही, ती स्क्रिप्टनेच आणावी लागते. आणि फॉर्म पाठवल्यावर सर्व्हरला ती दिसत नाही. वेबच्या पानावरची इतकी ओळखीची खूण, आणि तिला कोणी धनी नाही. तिचा मागोवा घ्यायचा तर दोन घराण्यांकडे जावे लागते, चौकोनाच्या आणि झाडाच्या.

चौकोन कागदावरून आला. १८७२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये गुप्त मतदान सुरू झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पाँटेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी उमेदवाराच्या नावापुढे फुली मारून मत दिले. तिकडे फुली म्हणजे ‘हा मला हवा’. आपल्याकडे शाळेत लाल शाईची फुली मिळाली की उत्तर चुकलेले असते, त्यामुळे १९८४ च्या मॅकिंटॉशमधले चेकबॉक्स पाहताना मराठी डोळा क्षणभर अडखळतो. त्या चौकोनांत फुलीच असे. विंडोजच्या ३.१ आवृत्तीपर्यंतही फुलीच होती, विंडोज ९५ मध्ये ती जाऊन टिक आली.

कागदावर मात्र वरचा चौकोन नव्हता. अर्जात पाच गोष्टी हव्या असतील तर पाच ठिकाणी खूण करायची, फार तर कारकून एक महिरपी कंस ओढून त्याच्यापुढे एकच टिक करायचा. बहुपर्यायी प्रश्नांत शेवटी येणारा ‘वरीलपैकी सर्व’ हा त्याचा छापील भाऊबंद म्हणता येईल. तरी तोही खरा पूर्वज नव्हे. ‘वरीलपैकी सर्व’वर खूण केली म्हणून वरच्या पर्यायांवर खुणा उमटत नाहीत. कागद स्वतःहून काही बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता झाडाकडे. संगणकावरच्या फायली एकात एक ठेवलेल्या कप्प्यांत मांडायच्या, ही कल्पना १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी लिहिलेल्या निबंधात नीट मांडलेली सापडते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तीच रचना युनिक्समध्ये आणली. घरगुती संगणकाला ती उशिरा मिळाली. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सगळ्या फायली एकाच पातळीवर असत, कप्प्यात कप्पा आला तो १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत. फ्लॉपीपुरता मामला होता तोवर त्यावाचून अडले नाही. हार्डडिस्क आली आणि माणसे आपल्याच फायलींत हरवू लागली.

१९८५ मध्ये आलेला एक्सट्री हा प्रोग्रॅम या हरवलेल्यांसाठी होता. काळ्या पडद्यावर, अक्षरांच्या रेघांनी काढलेले डिरेक्टरींचे झाड. फाइलीवर जाऊन ‘टी’ हे अक्षर दाबले की ती फाइल निवडली जाई आणि तिच्यापुढे खूण उमटे. पण तेच अक्षर डिरेक्टरीवर असताना दाबले तर आतल्या सगळ्या फायली एकदम निवडल्या जात. आपल्या वरच्या चौकोनाचा खरा पूर्वज तो हाच. वर एक कळ दाबली की खालच्यांवर खुणा. फरक एवढाच की खूण बसे ती फाइलींवर. डिरेक्टरी हुकूम घेऊन खाली पोचवत होती, स्वतःबद्दल काही सांगत नव्हती.

सगळा गुंता इथून पुढे सुरू झाला, कारण पुढच्या लोकांनी वरच्या ओळीलाही चौकोन दिला. मग तो चौकोन दोन कामे करू लागला. त्याच्यावर क्लिक केली की तो हुकूम असतो: खालचे सगळे घ्या. त्याच्याकडे नुसते पाहिले की तो वृत्तांत असतो: खाली काय काय घेतले आहे ते हे. वहीत बेरजेची ओळ असते तसा हा चौकोन आहे, त्याला स्वतःची रक्कम नाही. पण इथे बेरजेच्या ओळीवर बोट ठेवले की वरच्या नोंदी बदलतात. कुठलाही जुना मुनीम हे खपवून घेणार नाही. संगणकाने मात्र ते खपवून घेतले आणि त्याची किंमत पुढची तीस वर्षे प्रोग्रॅमर मंडळींनी मोजली.

वृत्तांत सांगायला टिक आणि रिकामा चौकोन एवढ्या दोनच खुणा पुरत नाहीत, हे विंडोज ९५ मध्ये प्रत्येकाने पाहिले आहे, जरी ते ध्यानात राहिले नसले तरी. कंट्रोल पॅनेलमधून विंडोजचे जादा भाग बसवायला गेले की ‘ॲक्सेसरीज’, ‘मल्टिमीडिया’ अशी यादी येई आणि काही चौकोन करड्या रंगाचे, तरी आत टिक असलेले दिसत. त्याचा अर्थ यादीच्या वरच लिहून ठेवावा लागला होता: करडा चौकोन म्हणजे त्या विभागाचा काही भागच बसवला जाईल. ज्या खुणेचा अर्थ शेजारी लिहून ठेवावा लागतो ती खूण फसलेलीच म्हणायची. त्यातून करडा रंग विंडोजमध्ये आधीच दुसऱ्या अर्थाने राबत होता, ‘हे सध्या बंद आहे, दाबू नका’. एकच रंग, दोन अर्थ. लोक त्या चौकोनाला हात लावायला बिचकत. पुढे विंडोज एक्सपीमध्ये त्याजागी आत भरीव हिरवा चौकोन आला, तोही कोणाला फारसा कळला नाही. ॲपलने १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये अशा मिश्र अवस्थेसाठी साधी आडवी रेघ घेतली होती. आज बहुतेक ब्राउझरांत दिसते ती रेघ याच जातकुळीची, आणि या सगळ्या प्रयोगांत तीच शहाणपणाची ठरली. टिकही नाही, रिकामेही नाही, आणि ‘बंद’ असेही वाटत नाही.

झाडाच्या फांद्यांवर तयार चौकोन बसवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये, इंटरनेट एक्स्प्लोरर ३ बरोबर आलेल्या नियंत्रणांच्या संचात दिली. पण त्यांत अवस्था दोनच होत्या, आणि वरच्याचा खालच्यांशी काही संबंध नव्हता. संबंध जोडायचा तर तो प्रोग्रॅमरने जोडावा. ‘अंशतः’ ही अवस्था त्या संचात अधिकृतपणे आली ती थेट विंडोज व्हिस्टामध्ये, दहा वर्षांनी. मधल्या काळात प्रत्येकाने आपापली बनवली.

डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये काम केलेल्यांना यातली एक गंमत आठवेल. तिथे झाडावरची टिक बदलली की ‘आफ्टरचेक’ ही घटना उठते. त्या घटनेत तुम्ही खालच्या नोडांवर टिक करता, त्यामुळे तीच घटना पुन्हा उठते, तिच्यातून पुन्हा, आणि खालून वरच्यालाही दुरुस्त करायला गेलात तर प्रोग्रॅम स्वतःभोवतीच गरगरत बसतो. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातल्या नमुन्यात म्हणूनच सुरुवातीला एक तपासणी असे: हा बदल माणसाने केला की कोडने? माणसाने केला असेल तरच पुढे जा. टिक कोणी केली, हा प्रश्न या वस्तूच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो, आणि शेवटी तो थेट न्यायालयात गेला. तिकडे येऊच.

वेबवर चौकोन आला तो फार साध्या रूपात. मोझॅक ब्राउझरमध्ये १९९३ सालीच फॉर्म भरता येत होते आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांच्या नावाने निघालेल्या एचटीएमएल २.० च्या प्रमाणकात चेकबॉक्स रीतसर नोंदला गेला. त्याचा नियम असा, आणि तो आजही तसाच आहे: टिक असेल तर चौकोनाचे नाव आणि मूल्य सर्व्हरला जाते, टिक नसेल तर काहीच जात नाही. रिकामा चौकोन सर्व्हरपुरता अस्तित्वातच नसतो. त्यामुळे ‘माणसाने टिक काढली’ आणि ‘हा चौकोन पानावर नव्हताच’ या दोन गोष्टी सर्व्हरला एकसारख्याच दिसतात. हक्क वाटपाच्या पडद्यांतले कितीतरी दोष या एका नियमाच्या पोटात आहेत. कोणीतरी उतरंड मिटवून ठेवलेली असते, खालचे चौकोन पानावर आलेलेच नसतात, आणि ‘जतन करा’ म्हटल्यावर त्या माणसाचे सगळे हक्क पुसले जातात.

पानावरचा चौकोन पानावरच बदलायला भाषा मिळाली ती ब्रेंडन आईक यांची जावास्क्रिप्ट. मे १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा तयार झाला आणि मार्च १९९६ मधल्या नेटस्केप २ मधून ती लोकांपर्यंत पोचली. ‘सगळे निवडा’ हा तिचा अगदी सुरुवातीचा खेळ. फॉर्ममधल्या घटकांवरून लूप फिरवायचा आणि प्रत्येकावर टिक करायची, चार ओळींचे काम. त्यात एक खोच होती. एकाच नावाचे अनेक चौकोन असतील तर ब्राउझर त्यांची यादी देई, पण चौकोन एकच असेल तर यादी न देता तो चौकोनच हाती देई. यादीची लांबी विचारणारा लूप तिथे गप्प बसे. म्हणजे वीस नोंदी असल्या की सगळे सुरळीत, आणि एकच नोंद उरली की ‘सगळे निवडा’ चालत नाही. तपासणीच्या वेळी कोणी एकच नोंद ठेवून पाहत नाही, त्यामुळे हा दोष नेहमी ग्राहकाकडे जाऊनच सापडायचा.

झाड पानावर उघडता-मिटता येऊ लागले ते १९९७ नंतर. इंटरनेट एक्स्प्लोरर ४ आणि नेटस्केप ४ या दोघांनी पानाचे तुकडे दाखवण्या-लपवण्याची सोय दिली, पण दोघांच्या रीती वेगळ्या. घटना कशी प्रवास करते याबद्दलही त्यांचे पटत नव्हते. एकाच्या मते क्लिक आतल्या घटकापासून वर चढत जाते, दुसऱ्याच्या मते बाहेरून आत उतरते. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचे, म्हणजे पानाच्या घटकांच्या रचनेचे, पहिले प्रमाणक आले आणि नोव्हेंबर २००० मधल्या दुसऱ्याने घटनांचे भांडण मिटवले, दोन्ही पक्ष मान्य करून: आधी उतरू द्या, मग चढू द्या. झाडाच्या दृष्टीने चढण्याचा पक्ष फायद्याचा होता. हजार चौकोनांवर हजार पहारेकरी न ठेवता झाडाच्या मुळाशी एकच ठेवला की पुरे, प्रत्येक क्लिक कधीतरी तिथे येतेच. २००२-०३ मधल्या डीट्री या छोट्या स्क्रिप्टने अशी झाडे हजारो पानांवर लावली. त्यांत टिंबांच्या रेघा, पिवळे फोल्डर, सगळा थाट विंडोज ९५ च्या एक्स्प्लोररचा.

पण माझ्या पिढीच्या मराठी प्रोग्रॅमरला हे झाड भेटले ते एएसपी डॉट नेटमध्ये. नोव्हेंबर २००५ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि ‘ट्रीव्ह्यू’ हे नियंत्रण तयार मिळू लागले. पुण्यात त्या वेळी परदेशी कंपन्यांची अंतर्गत सॉफ्टवेअरे मोठ्या प्रमाणावर लिहिली जात होती आणि अशा प्रत्येक सॉफ्टवेअरला ‘रोल्स अँड परमिशन्स’चा पडदा लागे. ट्रीव्ह्यू ओढून पानावर टाकायचा, त्याच्या ‘शोचेकबॉक्सेस’ या गुणधर्माला ‘ऑल’ म्हणायचे, की पाच मिनिटांत चौकोनांचे झाड तयार. मग ग्राहक विचारायचा, वर टिक केली तर खाली का होत नाही? उरलेला आठवडा त्यात जायचा.

कारण ते नियंत्रण राहत होते सर्व्हरवर. टिक बदलल्याची घटना त्याच्यापाशी होती, पण ती उठायची पान परत सर्व्हरकडे गेल्यावर, म्हणजे पोस्टबॅकला. नुसत्या टिकने पोस्टबॅक होत नसे. जबरदस्तीने करवला तर प्रत्येक टिकला अख्खे पान पांढरे होऊन परत यायचे आणि वर सरकलेले झाड पुन्हा खाली आणावे लागायचे. तेव्हा एकच मार्ग उरला, नियंत्रणाने पानावर जे एचटीएमएल ओतले आहे त्यात उतरून क्लायंटच्या बाजूने स्क्रिप्ट लिहायची.

आणि ते एचटीएमएल पाहण्यासारखे होते. पडद्यावर झाड दिसे, पण पोटात झाड नव्हते. प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र टेबल, त्याच्या एका खणात रेघा, एका खणात चौकोन, एका खणात नाव. त्या ओळीची मुले टेबलाच्या आत नसत, टेबल संपल्यावर लगेच येणाऱ्या डिव्हमध्ये असत. म्हणजे पडद्यावर जी मुले होती ती एचटीएमएलच्या हिशेबी शेजाऱ्याच्या घरात राहत होती. क्लिक झालेल्या चौकोनापासून वर चढत पहिले टेबल गाठायचे, त्याचे पुढचे भावंड पाहायचे, ते डिव्ह असेल तर आतल्या प्रत्येक चौकोनावर टिक करायची. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये हे जमे. फायरफॉक्समध्ये ‘पुढचे भावंड’ म्हणून कधी दोन टॅगांमधली मोकळी जागाच हाती येई, कारण तो ब्राउझर मोकळ्या जागेलाही मजकुराचा नोड मानतो. मग आधी नोडचा प्रकार एक आहे का, म्हणजे तो खरा घटक आहे का, हे विचारायचे. क्लिक कोणावर झाली हेही एका ब्राउझरमध्ये ‘सोर्सएलिमेंट’ला विचारायचे आणि दुसऱ्यात ‘टार्गेट’ला.

साधारण चाळीस ओळींची ही स्क्रिप्ट त्या काळात हातोहात फिरली. कोणी पहिल्यांदा लिहिली ते विचारायची पद्धत नव्हती. एका प्रकल्पातून दुसऱ्यात, एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत ती चिकटवली जायची, आतल्या फंक्शनांची नावेसुद्धा तीच राहायची. आजही एखादा जुना इंट्रानेट उघडून पानाचा सोर्स पाहिला तर ती तशीच पडलेली सापडेल. मला तिच्याबद्दल आदर आहे. नियंत्रण बनवणाऱ्याने अर्धवट सोडलेले काम तिने पुरे केले.

खाली उतरणे सोपे असते. खरे कसब वर चढण्यात आहे. एखाद्या पानावर, म्हणजे झाडाच्या शेवटच्या टोकावर, टिक बदलली की त्याच्या वरच्याकडे जायचे आणि त्याची सगळी मुले पाहायची. सगळ्यांवर टिक असेल तर वर टिक, कोणावरच नसेल तर वर रिकामे, नाहीतर रेघ. मग आणखी वर. चाळीस ओळींच्या त्या स्क्रिप्टमध्ये रेघ नव्हतीच. एकही मूल रिकामे असेल तर वरचाही रिकामा, एवढाच हिशेब. त्यामुळे दहांतले नऊ हक्क दिलेले असले तरी उतरंड मिटवल्यावर वरचा चौकोन कोरा दिसे आणि साहेबाला वाटे, याला काहीच दिलेले नाही.

रेघ ब्राउझरात नव्हती असे मात्र नाही. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चेकबॉक्सला ‘इन्डिटरमिनेट’ नावाचा गुणधर्म फार आधीपासून होता. इतर ब्राउझरांनीही तो घेतला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पक्क्या झालेल्या एचटीएमएल५ च्या प्रमाणकात त्याला जागा मिळाली. जागा मिळाली ती अशी की तो फक्त स्क्रिप्टमधून लावता येतो, टॅगमध्ये लिहिता येत नाही. आणि तो फक्त दिसण्यापुरता आहे. ‘टिक आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आड वेगळेच साठवलेले असते. रेघ दिसत असताना आत टिक असू शकते किंवा नसू शकते, आणि फॉर्म पाठवला की जाते ती आतली टिक.

याचा एक विचित्र परिणाम आहे. रेघ असलेल्या चौकोनावर क्लिक केली की ब्राउझर रेघ पुसतो आणि आतली टिक उलटी करतो. आत रिकामे असेल तर टिक येते, म्हणजे सगळे निवडले जाते. आत टिक उरलेली असेल तर चौकोन रिकामा होतो, म्हणजे सगळे काढले जाते. बाहेरून दोन्ही चौकोन हुबेहूब सारखे. माणसाच्या क्लिकचा अर्थ काय, हे ठरते प्रोग्रॅमरने रेघ लावताना आतली टिक पुसली होती की नाही यावर. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तर रेघेवर क्लिक केल्यावर ‘बदल झाला’ ही घटनाच उठत नसे, त्यामुळे मुलांना काही कळतच नसे. वेबचा स्वभाव एकूण असाच आहे. विंडोज फॉर्म्समध्ये कोडने टिक केली तरी घटना उठून गोंगाट व्हायचा. वेबवर स्क्रिप्टने टिक केली तर कसलीही घटना उठत नाही, चौकोन बदलतो आणि बाकी पानाला पत्ता नसतो. दोन्हींत कोणती चूक बरी, असे विचाराल तर मी वेबची म्हणेन. गप्प राहिलेल्याला बोलते करता येते.

जॉन रेसिग यांची जेक्वेरी २००६ मध्ये आली आणि चाळीस ओळींच्या चार झाल्या. त्यात लायब्ररीचा वाटा होताच, पण दुसरे कारण महत्त्वाचे. लोकांनी टेबले सोडली आणि झाड खरोखरच झाडासारखे लिहायला घेतले, यादीच्या आत यादी. पडद्यावर जो ज्याच्या पोटात दिसतो तो एचटीएमएलमध्येही त्याच्याच पोटात. मग ‘माझ्या आतले सगळे चौकोन’ हे एका ओळीत मागता येते. तरी एक खड्डा राहिला होता. ‘चेक्ड’ हे टॅगमधले विशेषण आणि ‘चेक्ड’ ही चौकोनाची चालू स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली म्हणजे पान आले तेव्हाची सुरुवात, दुसरी म्हणजे आत्ता काय आहे ते. मे २०११ मधल्या जेक्वेरी १.६ ने ‘ॲट्र’ आणि ‘प्रॉप’ अशा वाटा वेगळ्या केल्या. पुढे जुन्या सवयीने ‘ॲट्र’ लिहिणाऱ्यांचे ‘सगळे निवडा’ पहिल्यांदा नीट चाले आणि दुसऱ्यांदा चालत नसे.

पुढे जेएसट्रीसारख्या तयार झाडांनी हे सगळे गुणधर्मांत बांधून टाकले. त्यात टिक खाली पसरवायची का, वर चढवायची का, मधली अवस्था दाखवायची का, हे तीन वेगळे खटके आहेत. हे तीन प्रश्न वेगळे आहेत हे कोणीतरी उघड मान्य केले, याचे मला समाधान वाटते. दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरसाठी २०१४ मध्ये पक्क्या झालेल्या एरिया प्रमाणकाने मधल्या अवस्थेला ‘मिक्स्ड’ हे मूल्य दिले. आडवी रेघ दिसत नसलेल्या माणसालाही ती त्यातून ऐकू येते.

तांत्रिक बाजू इथे मिटली असे वाटेल. पण ज्या प्रश्नावर माझे सहकाऱ्यांशी सर्वांत जास्त वाद झाले तो स्क्रिप्टचा नव्हता. ‘अहवाल’वर टिक आहे, याचा अर्थ आज असलेले सगळे अहवाल, की उद्या येणारेही? पुढच्या महिन्यात ‘पगारपत्रक’ नावाचा नवा अहवाल तयार झाला तर तो त्या माणसाला दिसावा का? पडद्यावर दोन्ही इच्छांची टिक एकच. मोठ्या झाडांत मुले गरजेपुरतीच मागवली जातात, फांदी उघडेपर्यंत ती पानावर आलेलीच नसतात, तेव्हा तर वरची टिक न पाहिलेल्या मुलांच्या वतीने बोलते. माझे मत असे की हक्कांच्या बाबतीत डेटाबेसमध्ये फक्त शेवटची टोके साठवावीत आणि वरची खूण दर वेळी मोजून काढावी. नवा अहवाल कोणाला दिसला नाही तर तो फोन करील. चुकून दिसला तर तो फोन करणार नाही.

खूण कोणी केली, हा प्रश्न युरोपात न्यायालयापर्यंत गेला. प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीने आपल्या बक्षीस योजनेच्या पानावर कुकीजच्या संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवला होता. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. संमती देणाऱ्याने स्वतः कृती केली पाहिजे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीसाठी स्पष्ट, होकारार्थी कृतीची अट आहे. विंडोज फॉर्म्समधली ती तपासणी हेच विचारत होती: माणसाने केली की कोडने?

अलीकडे सीएसएसमध्ये ‘हॅज’ हा निवडक आला, २०२२ मध्ये सफारी आणि क्रोममध्ये, डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये. त्यामुळे एकही ओळ स्क्रिप्ट न लिहिता वरच्या घटकाला आत कोणी टिक केले आहे का ते कळते आणि त्याप्रमाणे तो रंग बदलू शकतो. वृत्तांताचे काम त्याने बरेचसे उचलले. हुकमाचे काम मात्र सीएसएस करत नाही. वरची टिक खालच्या चौकोनांवर उमटवायला आजही स्क्रिप्टच लागते.